पिपाणीच्या गाण्यावरचं हसू

ती. ताईस,

धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (या वेळी खरोखर आडवा पडूनच लिहितोय, कंबर धरली आहे.) गुडघा कसा आहे? भाऊजींना म्हणावं, गोळ्या वेळेवर घ्या आणि सल्ले कमी द्या. तुझी तीन पत्रं मिळाली. तिन्हीत एकच प्रश्न, पिपाणी माझा फोन का उचलत नाही. ताई, तुझी लेक इथे सुखरूप आहे, जेवतेखाते. माझ्यावर रागावली आहे, एवढंच. फोनवर सांगायचा धीर होत नाही, म्हणून हे पत्र.

आमची मालिका तुला ठाऊक आहेच. चार पोरं, त्यांचा बँड, गाडीच्या शेडमध्ये तालीम आणि दर भागात एक भांडण. गिटारला तारा नसतात, कीबोर्डची वायर कुठेच जोडलेली नसते, ड्रमवाल्याला दोनच्या पुढे ताल मोजता येत नाही. खरं गाणारी एकटी आपली पिपाणी. आणि विनोद झाला की रेकॉर्ड करून पेटीत साठवलेलं हसू सोडणारा मी. (बावीस वर्षं हे काम करतोय, पण घरात माझ्या विनोदाला कोणी हसत नाही. असो.) तर या भागात बँड फुटतो आणि पिपाणी रिकाम्या शेडमध्ये एकटी गाते. तिसऱ्या ओळीला तिचा आवाज खरंच फाटला. दिग्दर्शक म्हणाला, राहू दे, हेच हवंय. माझ्या कागदावर मात्र होतं, तिसरी ओळ संपते, ड्रमवाला स्टुलावरून पडतो, मोठं हसू. ते पडणं संकलनात कापलं गेलं आणि मला कोणी कळवलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत सुटलोय. पण समोर पडद्यावर नुसतं बघितलं असतं तरी कळलं असतं. मी खाली मान घालून कागद वाचत होतो आणि दुसऱ्या हाताने कमरेला शेकाची पिशवी बांधत होतो.

मग सगळ्यांना बसवून तो भाग दाखवला. पोरीचा आवाज फाटला आणि त्यावर पेटीतलं खदखदून हसू वाजलं. ते ऐकून अख्खी खोली हसली. पिपाणी उठून गेली. आता म्हणते, मी नुसते ओठ हलवीन, गायला दुसरी आणा. शुक्रवारी शेवटच्या भागाचं गाणं रेकॉर्ड व्हायचंय, दुसरी मुलगी बघूनही ठेवली आहे. हसू मी त्याच दिवशी काढलं, पण ऐकलेलं कसं काढू? फार वाईट वाटतंय, ताई. जेवण जात नाही.

काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. वर लिहिलंय की ती माझ्यावर रागावली आहे. ते खोटं आहे. माझ्या कमरेला ती रोज बाम चोळते. ती रागावली आहे तुझ्यावर. ते हसू तुझं होतं. तुझ्याकडे पडदे लावताना मी दांड्यासकट खाली आलो होतो, आठवतं? माझा नवा माइक तेव्हा चालू होता. इतकं चांगलं हसू पेटीत दुसरं नाही, म्हणून खास प्रसंगासाठी राखून ठेवलं होतं. शेवटी तुला उचकी लागते ना, त्यावरून लेकीने ओळखलं. निर्मात्यासमोरच विचारलं, "मामा, हे आईचं ना?" आमच्या जाहिरातीत छापलंय की मालिकेतलं हसू खऱ्या प्रेक्षकांचं, प्रसंग बघून हसलेलं. नोकरी जाईल म्हणून मी घाबरलो. म्हणालो, हो, तुझ्या आईला प्रसंग दाखवला, ती हसली. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मी इतकं वाईट गाते?"

ता. क. (शेवटचा) काल तिला खरं सांगून पाहिलं. तिला वाटलं, मी तुला पाठीशी घालतोय. तेव्हा शुक्रवारच्या आत माझ्या फोनवर फोन कर, मी तिच्या हातात देईन. तिला पडद्याची गोष्ट सांग. सांगताना दर वेळी तुला हसू फुटतं, ते या वेळी आवरू नकोस. उचकी लागेपर्यंत हस. म्हणजे तिला कळेल, तू कोणाला हसली होतीस ते.