फ्रीजमधला अंटार्क्टिका

२१ एप्रिल २०२५, सोमवार

गुलाबी उगवला. सकाळी जंतू वाढवायची काचेची प्लेट उजेडाला धरली तर अगदी कडेला मोहरीएवढा ठिपका. कित्येक आठवडे नुसती रिकामी प्लेट बघत होते. वाटलं होतं, मातीच मेलेली असणार.

ही माती सुरभीने दिलेली. एमएस्सीला आम्ही एका खोलीत राहायचो, आता ती अंटार्क्टिकाला जाऊन येते. तिथल्या उघड्या खडकांमधली करडी, कोरडी माती. गवताचं पातं नाही तिथे. ‘मी माझ्याकडच्या मातीतून डीएनए काढते. तू जिवंत काय सापडतं ते बघ,’ म्हणाली होती. मी शिकवते त्या कॉलेजच्या थंड कपाटात दहा अंशांवर ठेवलं सगळं. बाहेर दारव्ह्यात उन्हाने डांबर मऊ झालंय.

२९ एप्रिल

नारिंगी, पिवळा, दुधी, आणि एक लिंबाच्या सालीसारखा! रंग उगाच नसतो त्यांना. तिथलं ऊन आणि थंडी सोसायला तो लागतो.

सुरभीचा फोन. डीएनएवरून दिसतं, त्या चमचाभर मातीत शेकडो जाती आहेत. बहुतेक प्लेटवर येणारच नाहीत. ‘जे येतील त्यांना धरून ठेव,’ म्हणाली. शेकडो! आणि मी त्या मातीला मेलेली समजत होते.

५ मे

पेपर तपासले. नवीन काही नाही. मजेत.

९ मे, शुक्रवार

दुपारी वावटळ, मग वादळ. कॉलेजसमोरचा ट्रान्सफॉर्मर गेला. वायरमन म्हणाला, “मॅडम, आज-उद्या काही होत नाही.” कपाटातला काटा वर सरकायला लागला. पंधराच्या वर गेला की त्यांचं अवघड.

धम्मदीपला फोन केला. नवऱ्याची कंडक्टरची नोकरी आज पहिल्यांदा माझ्या कामाला आली. संध्याकाळी त्याचीच दिग्रस-यवतमाळ गाडी दारव्ह्याला थांबली. आइसबॉक्स त्याने ड्रायव्हरमागच्या सीटखाली सरकवला. शेजारच्या बाईने विचारलं, “ताई, मच्छी हाय का?”

धम्मदीपच म्हणाला, “पाहुने हायेत. थंड हवेतले.”

लोहाऱ्यात उतरले तेव्हा घरी लाइट होती. एमआयडीसीची लाइन, सहसा जात नाही. पण फ्रीज एकच, आणि तो भरलेला. जंतू आणि जेवण एका फ्रीजमध्ये ठेवायचे नाहीत, हे दरवर्षी वर्गात मीच सांगते. बॉक्स ओट्यावर ठेवून उभी राहिले. सासूबाईंना, म्हणजे आईंना, कसं सांगावं कळेना. येत्या सोमवारी बुद्धपौर्णिमा, खिरीसाठी त्यांनी दूध आणून ठेवलेलं.

शेवटी सांगितलंच. आईंनी विचारलं, “मेले त पुन्हा भेटन काय?”

“नाही बहुतेक.”

त्यांनी दुधाची पातेली बाहेर काढली. मग दही, भाज्या, आंब्याचा रस. “मले लगनानंतर तीस वर्सं फ्रीज नव्हता. कोन उपाशी मेलं? ठेव तुह्यं.”

दूध आटवायला बसल्या. खीर तीन दिवस आधीच झाली, आणि रात्रीच गल्लीत वाटून टाकली.

१२ मे, बुद्धपौर्णिमा

विहारात जाऊन आलो. आईंनी सगळ्यांना सांगितलं, आमच्या घरी बर्फाच्या देशातले जीव आलेत. शेजारच्या बिजलीबाईंना वाटलं पेंग्विन. बघायला आल्या. निराश होऊन गेल्या.

२३ मे

सगळे जिवंत. लिंबाच्या सालीचा मरगळला होता, त्याच्या कडेला नवीन किनार आली आहे. आई माठातलं पाणी पितात. धम्मदीप रोज ताजं दूध आणतो. कुणी कुरकुरलं नाही. मीच दोनदा विषय काढला, तर आई म्हणाल्या, “कायले घडीघडी इचारतं?”

१७ जून

आज आईंना भिंगातून दाखवलं. बराच वेळ बघत होत्या.

“हे जितं हाये?”

“हो.”

“तिकडे खाते काय हे? झाड ना पाला.”

सांगितलं, त्यांच्यातले काही हवेतून मिळेल तेवढ्यावर जगतात. वर्षानुवर्षं वाढत नाहीत, पण मरतही नाहीत.

“हवा खाऊन? मंग यायले सुखी म्हनाव का उपाशी?”

अजून विचार करते आहे.

३० ऑगस्ट

कॉलेजच्या कपाटाचा कॉम्प्रेसर वादळात जळला तो जळलाच. नवं पुढच्या वर्षी. तोवर ते इथेच. प्रत्येक रंगाची वेगळी बाटली केली, आईंनी प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधला. मला अक्षरं वाचायची गरजच राहिली नाही.

आमच्यासाठी धम्मदीपने बाजारातून जुना छोटा फ्रीज आणला. आईंनी त्यात पहिलं दही ठेवलं. घरात दोन फ्रीज, आणि मोठा पाहुण्यांचा!

१९ नोव्हेंबर

सुरभी पुन्हा निघाली. फोनवर म्हणाली, “काय आणू?” मी म्हटलं, त्याच खडकांजवळची आणखी चमचाभर माती. त्यात अजून न उगवलेले कितीतरी असतील. या वेळी घाई करणार नाही. आयुष्यभर पुरेल एवढं काम त्या एका जागेत आहे, आणि ते मला मिळालंय. आज फार छान झोप लागेल.

१४ जानेवारी २०२६, बुधवार

सुरभीचा निरोप आला. तिथला बर्फ जोरात वितळला. खडकांमधून आता ओढा वाहतो, ती माती वाहून गेली. तिच्याकडची डीएनए काढण्यात संपली होती. ‘तिथले जिवंत आता फक्त तुझ्याकडे आहेत,’ असं लिहिलंय.

आईंना वाचून दाखवलं. त्यांनी उठून फ्रीजचा प्लग नीट बसलाय का ते बघितलं.

आज पहिल्यांदा फ्रीजचं दार उघडायला हात धजावला नाही.