टाकीतली हरळी

११ नोव्हेंबर २०१९, सोमवार
परत उगवलं. काल चिमट्यानं धरून मुळापासून उपटलं होतं, देवगावला माहेरच्या शेतात हरळी काढायचो तसं. आज त्याच दगडावर ते आहेच, वर शेजारी बारकी बारकी आणखी.

आमच्या मल्हारनं, लेकानं, दसऱ्याला मुंबईहून समुद्राचा दगड पाठवला, त्याला चिकटून हे घरात आलं. तपकिरी फूल, काचेसारखं आरपार, डोक्यावर झिपऱ्या. फूल कसलं, जनावरच. ज्याला शिवेल ते मरतं. जांभळं पोवळं अर्धं पांढरं पडलंय.

ह्यांना श्रावणात झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तेव्हापासून खुर्ची माशांच्या टाकीसमोर. रोज सकाळी डावा हात उचलतात, बोट नेमकं त्या फुलासमोर काचेवर टेकवतात. टिचकी मारली की ते मिटतं, जरा वेळानं परत उघडतं — जणू ह्यांना खिजवतंय. मग माझ्याकडं बघतात.

अहो, कळतंय मला. काढते.

१२ नोव्हेंबर
रिटायर झाल्यावर ह्यांनी टाकी आणली तेव्हा मी लई बोलले होते. नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही आणि घरात समुद्र? तर म्हणाले, "सरकार देईना, मग आपणच आणला."

आता मनानं धरलंय, टाकी टिकली तर हे टिकतील. डॉक्टर असं म्हणाले नाहीत. माझं मीच.

१४ नोव्हेंबर
ज्यांच्याकडून टाकी घेतली ते मुकुंदवाडीचे फारूखभाई येऊन बघून गेले. फुलाचं इंग्रजी नाव सांगितलं, मला काही लिहिता येईना.

"हातानं उपटलं? भाभी, आपने निकाला नै, बो दिया." जेवढे तुकडे तेवढी नवी उगवतात म्हणे. स्वतःच्या हातानं पेरलं मी!

उपाय सांगितला — पानाचा चुना. घट्ट कालवायचा, सुईत भरून त्याच्या तोंडात सोडायचा. "पर एक दिन में दो-तीन, बस. घाई नै करने का. पानी बिगडता."

१५ नोव्हेंबर
मल्हारचा फोन. "आई, देऊन टाक ना टाकी कुणाला. तू बाबांना बघशील का माशांना?" जेवलास का, विचारलं.

१७ नोव्हेंबर, रविवार
चुना विकत आणायची गरज पडली नाही. ह्यांची डबी होती की. तंबाखू बंद झाल्यावर मीच देवघरात मागं सारली होती. माझ्या साखरेच्या इंजेक्शनच्या सुईत भरला, पंप बंद केला. खंडोबाला म्हटलं, देवा, जीव घेतेय, ह्यांच्यासाठी घेतेय.

फूल आकसलं, दुधासारखं पांढरं झालं, विरघळलं.

ह्यांनी माझं मनगट धरलं. डाव्या हातात एवढा जोर शिल्लक असेल वाटलं नव्हतं. सोडेचनात. म्हटलं, अहो करतेय ना, एका दिवसात सगळी नाही होत.

२१ नोव्हेंबर
दोन-तीन मारते, सकाळी तेवढीच नवी. आता काचेवरसुद्धा.

२४ नोव्हेंबर
पोवळं गेलं. बुधवारी खंडोबाचं षड्रात्र बसणार. घटाचे सहा दिवस माझ्या हातून जीवहत्या होणार नाही, आणि तेवढ्यात ही फुलं टाकी गिळतील. काय करू? जप करतानाही झिपऱ्याच दिसतात.

२६ नोव्हेंबर, अमावास्या
फारूखभाईंचं ऐकलं नाही. आज सगळीच मारली. डबी खरवडून खरवडून पुसली. ह्यांचं बोट होतं त्या जागेचं मोठं फूलही. ते शेवटी केलं.

दुपारी दोन्ही केशरी मासे वर येऊन आ वासायला लागले. पाणी बदलायचं तर नळ शुक्रवारी. शेजारच्या रईसाभाबींनी फिल्टरच्या पाण्याचे हंडे आणून दिले. म्हटलं, तुमच्याकडं तरी कुठं आहे? "आज दाल नै पकाते, और क्या." त्यात टाकीचं समुद्री मीठ मिसळलं, ओतलं. एक मासा वाचला. एक तुळशीत पुरला.

२७ नोव्हेंबर
घट बसवला. टाकी आरशासारखी. एकही उरलं नाही.

ह्यांनी हात उचलला नाही.

२९ नोव्हेंबर
चमचा तोंडाशी नेला की दात आवळतात. मान भिंतीकडं. डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर नळी घालू. मासा समोरून गेला तरी बघत नाहीत. मी मुद्दाम खुर्ची जवळ सरकवली, म्हटलं, बघा हो, सगळं काढलं तुमच्यासाठी.

डोळ्यांतून पाणी. फक्त एका.

१ डिसेंबर
आज खाली बसले त्यांच्यापाशी, विचारलं, काय पाहिजे? मग हात उचलला. बोट त्याच जागी टेकवलं — रिकाम्या दगडासमोर. टिचकी मारली. थांबले. परत मारली.

मासा पळत असतो, कुणासाठी थांबत नाही. मी स्वयंपाकघरात. घरात त्यांच्या बोटाचं ऐकणारं ते एकच होतं.

आणि मनगट धरलं होतं तेव्हा मी काय समजले.

२ डिसेंबर, चंपाषष्ठी
पंपामागं खड्यावर एक सापडलं, ज्वारीच्या दाण्याएवढं. तळी भरायच्या आधी खडा उचलून ह्यांच्या बोटासमोर ठेवला. दुपारी उघडलं. टिचकी — मिटलं.

भरीत-रोडग्याचा नैवेद्य होता. दोन घास खाल्ले.