दुसऱ्या सहीची जागा

मी, हनिया रमीज होडेकर, वय चोवीस, मूळ गाव तालुका दापोली, सध्या राहणार नजमा, दोहा, लुसैलमधल्या एका बांधकाम कंपनीत डॉक्युमेंट कंट्रोलर, पूर्ण शुद्धीवर आहे. गेले नऊ दिवस आनंदाने झोप लागलेली नाही, एवढे सोडल्यास प्रकृती ठणठणीत आहे. हे मृत्युपत्र मी कुणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. अब्बांचा दबाव आहे, पण तो न लिहिण्यासाठी आहे. ही तिसरी आवृत्ती. आधीच्या दोन रद्द समजाव्यात.

आमच्या घराण्यात जहाजावर जाणारा माणूस आधी वसियत लिहितो. तिच्यावर दोन साक्षीदार सह्या करतात. दुसरी सही घरातल्या वडीलधाऱ्याची, आणि तीच जायची परवानगी. आजवर एकाही बाईने अशी वसियत लिहिलेली नाही, कारण एकटी बाई कुठे गेलेलीच नाही. मी उद्या दुपारच्या विमानाने इंग्लंडमधल्या नेदर विंकोम या गावी निघणार आहे. वस्ती दोनशे बारा. सही झाली तर निघणार आहे.

शरियतने ज्याचा जो हिस्सा ठरवला आहे त्याला धक्का न लावता, पुढीलप्रमाणे:

कलम १. पणजोबा दाऊद. माझी सगळ्यात मोठी मिळकत हीच, म्हणून ती आधी, आणि ती सगळ्या होडेकरांना मिळून. दाऊद बोटीवर आगवाले, म्हणजे भट्टीत कोळसा टाकणारे, होते. १९३६ साली गेले ते परतलेच नाहीत. घरात सांगतात की बापाने दुसरी सही नाकारली, म्हणून हे एकाच सहीवर गेले आणि मडम करून तिकडेच राहिले. पणजी खतिजाने हे एक्केचाळीस वर्षे ऐकून घेतले.

मी तीन वर्षे शोधले. त्या काळात लिहिलेली चौदा पत्रे नेदर विंकोम नावाच्याच भलत्या गावाला गेली. तिथले पाद्री दर वेळी नम्रपणे हवामान कळवत राहिले. अखेर बरोबर गावच्या चर्चचे दफ्तर सांभाळणाऱ्या मिसेस पिल्चर (वय एक्क्याऐंशी) यांनी नोंद काढून दिली. दाऊद, आगवाला, मुंबईच्या बोटीवरून आजारी उतरवलेला, न्यूमोनिया, अकराव्या दिवशी मृत्यू. मडम नाही! खिशातला कागद कुणाला वाचता येईना, म्हणून तो चर्चच्या पेटीत ठेवला. तीच त्यांची वसियत. खतिजाला चांदीची साखळी, पोराला पोहायला शिकवावे, पावसाळ्याआधी मी आहेच. खाली साक्षीदार दोन! दुसऱ्याला लिहिता येत नव्हते. त्याने होडी काढली आहे, डोलकाठी डावीकडे कललेली.

मिसेस पिल्चर यांनी पाठवलेला त्या कागदाचा फोटो अब्बांनी चष्मा लावून पाहिला, मग चष्मा काढून पाहिला.

"फोटोत होडी कोणपण काढील," म्हणाले.

"मग अस्सल आणते. टपालाने देत नाहीत, घरच्या माणसानेच यायला हवे."

"एकटी? सही कोण करील?"

"तुम्ही."

"खलास," म्हणाले आणि दुकानात निघून गेले.

कलम २. माझी बी.कॉम.ची पदवी अम्मीला. घरातली ही पहिलीच. सध्या ती अब्बांच्या एसी दुरुस्तीच्या दुकानात रिमोटच्या खोक्यांवर टांगलेली आहे. गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की अब्बा तिच्याकडे बोट दाखवतात. तिथून ती हलवू नये.

कलम ३. लॅपटॉप धाकट्या अफशांला. पणजोबांची फाइल महिन्यातून एकदा मराठीत मोठ्याने वाचावी, ही अट. हे ऐकून ती म्हणाली, "ओके, बट हेडफोन्स टू?" हो बाई, तेही.

कलम ४. प्रत्येक लग्नात मडमेची गोष्ट रंगवून सांगणाऱ्या सुमैया फुफूला त्या नोंदीची रंगीत प्रत, लॅमिनेट करून. शिवाय माझी माफी, कारण तिची इतक्या वर्षांची गोष्ट मी मोडली. ही नवी जास्त चांगली आहे.

कलम ५. अब्बांना माझ्या चीजवस्तूंतले काहीही नाही. ज्याला मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, असे ऑफिसात कळले. म्हणून मुद्दाम काही ठेवलेले नाही. माझी बचत तिकिटात गेली आहे आणि ते तिकीट परत घेत नाहीत, हेही त्यांनी ध्यानात घ्यावे. पण सही केली नाही तर मी जाणार नाही. पणजोबा एका सहीवर गेले नव्हते. मीही जाणार नाही.

कलम ६. तिकडे माझे काही बरेवाईट झाले तर पणजोबांच्या शेजारची जागा रिकामी आहे, असे मिसेस पिल्चर कळवतात. मी त्यांना आभार कळवले आहेत. घाई नाही, हेही कळवले आहे.

स्थळ: नजमा, दोहा. गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५.

लिहून ठेवणार: हनिया रमीज होडेकर

साक्षीदार १: गार्गी अवधूत सोनवणी, नाशिक, सध्या लुसैल. (मैत्रीण असून मला काहीच नाही! निदान चहा तरी पाज.)

साक्षीदार २:

शुक्रवार सकाळची पुरवणी: वरची जागा रात्रभर रिकामी होती. आत्ता अब्बा आले आणि उभ्यानेच म्हणाले, "पेन दे." मी जागा दाखवली. त्यांनी नाव लिहिले नाही, होडी काढली. डोलकाठी डावीकडे कलली.

"अब्बा, सरळ काढा ना."

"आमच्यात अशीच काढतात," ते म्हणाले. "मला माझ्या बापाने पाटीवर अशीच शिकवली. त्याला त्याच्या आजाने, दाऊदच्या बापाने. यल्ला, बॅग कुठंय?"