उशीचं तोंड दाराकडे

शेरबॉर्न,
३ सप्टेंबर १९८६

ती. उर्सुलाताई,
नमस्कार. तू तो घेशील या भरवशावर पाठवते आहे.

आज कपाट आवरताना बाबांचे मोटार चालवायचे हातमोजे सापडले आणि लडलोच्या पलीकडची ती सराई एकदम डोळ्यांपुढे आली. आपण दोघी मागच्या सीटवर, मध्ये सँडविचचा डबा. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. आईने मालकिणीला सांगितलं, आधी खोली बघू, मग सामान आणू. जिना चढून ती वर गेली आणि अंगातला कोटही न काढता पांघरुणाखाली हात घालून गादी ओलसर आहे का ते चाचपू लागली. मालकीण ओठ आवळून उभी. बाबा खिडकीबाहेर बघत होते, जणू या बाईशी त्यांची ओळखच नाही. मग आईने हात बाहेर काढला आणि चहा दोन किटल्या लागेल असं सांगितलं. तेव्हा आपल्याला कळलं की राहायचं आहे. एक किटली म्हणजे पिऊन पुढे निघायचं, दोन म्हणजे मुक्काम. तू मला कोपराने ढोसलंस. बस, एवढंच. त्या दिवशी दुसरं काहीच घडलं नाही, तरी गेली पन्नास वर्षं तो दिवस माझ्यापाशी राहिला आहे.

आता ऑक्टोबर. जेरल्ड भावोजी गेल्यापासून आपण दोघी दरवर्षी तीन दिवस कुठेतरी जातो, त्याला यंदा अकरा वर्षं होतील. नियम तोच. वाचकांच्या पत्रांवरून सराया निवडणाऱ्या त्या हिरव्या पुस्तकातून तीन जागा मी काढायच्या, त्यातली एक तू निवडायची. लिफ्ट नको, टेलिव्हिजन नको, जमीन थोडी तिरकी हवी आणि शेकोटीपाशी कुत्रा हवा.

पहिली जागा सफोकमधली पाणचक्की. न्याहारीला सगळे एकाच लांब टेबलाशी बसतात आणि खालून पाण्याचा आवाज येतो. दुसरी डेव्हनमधलं एका पाद्र्याचं जुनं घर. खोल्यांना आकडे नाहीत, सफरचंदांच्या जातींची नावं आहेत. तिसरी यॉर्कशरच्या माळावरची गुराख्यांची सराई. तिथला मालक पाहुण्यांशी बोलत नाही म्हणे, पण त्याच्या हातचं मटण खाऊन लोक रडतात.

मार्चमध्ये आले होते तेव्हा तू फार दमलेली दिसलीस. तुझ्या सराईच्या सहा खोल्या तीन दिवस कामाला येणाऱ्या मिसेस बेडोजवर सोपव आणि ये. यंदाचं नवं हिरवं पुस्तक अजून पाहिलं नसशील, तर घाई नाही.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारी,
सेसिली

पेडलर्स रेस्ट, फर्नहोप,
९ सप्टेंबर

चि. सेसिलीस,
आशीर्वाद. अनेक आणि उत्तम हे शब्द यंदा मुद्दाम गाळले आहेत.

तुझ्या तीन जागा वाचल्या. पाणचक्कीत सांधे धरतील, आणि सकाळी आठ वाजता अनोळखी माणसांना मुरंब्याची बरणी पुढे सरकवत हसायची सक्ती मला सोसणार नाही. बावीस वर्षं मी हे धंदा म्हणून करते आहे, सुटीत कशाला करू? सफरचंदाच्या नावाच्या खोलीत झोपायला मी अळी नाही. न बोलणारा मालक तेवढा आवडला. त्याच्याकडे तू एकटी जा. तुलाही न बोलण्याची सवय लागेल.

पुस्तक पाहिलं. घाई नाही असं तू लिहिलंस, तेव्हाच मला कळायला हवं होतं. चौदा वर्षं आमचं अर्धं पान असायचं: तिरका जिना, जेरल्डचा हवामापक, माझं प्लमचं पुडिंग. यंदा फर्नहोपचं नावच नाही. मी कचेरीला फोन केला. बाई सभ्य निघाली. म्हणाली, एका जुन्या आणि विश्वासू वाचकाचं पत्र आलं होतं, त्यावरून नाव काढलं. त्या पत्राची प्रत तिने मला पाठवली, नाव कापून.

सूप कोमट, असं त्यात आहे. जिन्यावरचा गालिचा सुटलाय. मालकीण टेबलाशी उभी राहून फार वेळ बोलते. इथवर मला वाटलं, असेल कोणी नाक उडवणारी लंडनवाली. मग पुढची ओळ आली. चार नंबरच्या खोलीत उशीच्या अभ्र्याचं उघडं तोंड दाराकडे होतं.

सेसिली, कोमट सुपाची तक्रार या देशात कोणीही करेल. अभ्र्याच्या तोंडाची तक्रार फक्त कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात सिस्टर पर्पेचुआच्या हाताखालून गेलेली मुलगीच करेल. चाळीस खाटा, रोज सकाळी हातात पट्टी घेऊन तिची फेरी. दारातून येणाऱ्याला उशीचं पोट दिसता कामा नये. ज्या मुलीचं दिसलं तिने अख्खा बिछाना काढून पुन्हा घालायचा. सात वर्षांची असताना तू तीनदा रडत घातलास, चौथ्यांदा तुझा बिछाना मी घातला. आठवतंय ना? आठवत असणारच. तुझ्यासारखं लक्षात कोण ठेवतं!

ऑक्टोबरच्या सहा खोल्यांपैकी चार रिकाम्या आहेत. गेल्या वर्षी याच महिन्यात मी लोकांना परत पाठवत होते. या घराशिवाय मला काय आहे, ते तुला नीट माहीत होतं. मार्चमध्ये तीन दिवस राहिलीस, माझं पुडिंग दोनदा घेतलंस, जाताना गळ्यात पडलीस, आणि घरी जाऊन हे लिहिलंस.

मी कुठेही येत नाही. या ऑक्टोबरात नाही आणि पुढच्याही नाही.

माझा लोभ होता. असावा की नाही ते तू ठरवून टाकलंच आहेस.

उर्सुला

शेरबॉर्न,
१३ सप्टेंबर

ती. ताई,
नमस्कार, घे किंवा टाकून दे.

होय, मीच लिहिलं. कबुली देते. पश्चात्ताप झालेला नाही, म्हणजे फादर क्रॉलींच्या मते ही कबुलीच नव्हे. नसू दे.

पण तू ते पत्र धंदेवाल्या बाईसारखं वाचलंस. आता मी त्यात काय लिहिलं नाही ते वाच. मंगळवारी सकाळी जिन्याच्या पाचव्या पायरीवर ट्रे मांडीवर घेऊन तू बसलेली होतीस आणि तुझा चेहरा मेणासारखा झाला होता, हे मी लिहिलं नाही. काय झालं म्हणून विचारलं, तर गालिच्याचे खिळे मोजतेय असं तू मला सांगितलंस! वा! सहासष्टाव्या वर्षी, अंडी थंड होत असताना! सूप कोमट का होतं तेही मी लिहिलं नाही. स्वयंपाकघरातून टेबलापर्यंत येताना तू दोनदा थांबत होतीस. आणि टेबलाशी उभी राहून फार बोलतेस ते कशासाठी, तेही मला दिसलं. बोलताना खुर्चीची पाठ धरता येते.

मग मी चार नंबरमध्ये गेले. ती उशी पाहिली. ताई, पन्नास वर्षांत तुझ्या हातून उशी अशी पडलेली मी पाहिली नव्हती. जेरल्ड भावोजी गेले त्या दिवशीही नाही. मी तिथेच खाटेवर बसले आणि लहान मुलीसारखी रडले.

स्वयंपाकघरात तुला तीनदा सांगितलं, आता पुरे कर. हिरवं पुस्तक माणसं पाठवतंय तोवर दार उघडं राहणार, हे तुझं उत्तर तीनही वेळा होतं. तुझ्याशी कोण जिंकलंय? मग मी पुस्तकालाच गाठलं. भित्रेपणा केला, मान्य. पण त्यात एक ओळ खोटी असेल तर दाखव. तू मात्र मला खिळ्यांची गोष्ट सांगितलीस. मग आपल्या दोघींत खोटं कोण बोललं?

पाणचक्कीवाल्यांना महिनाअखेरपर्यंत कळवायचं आहे.

हट्टीपणात तुझ्याच वळणावर गेलेली,
सेसिली

फर्नहोप, १५ सप्टेंबर

सेसिली,
पोस्टकार्ड पाठवते आहे. पाकिटाएवढं बोलणं उरलेलं नाही, आणि पोस्टमनने वाचलं तरी माझी हरकत नाही. माझा जिना, माझ्या पायऱ्या, माझं बसणं. पाणचक्कीत बुड. पत्र पाठवू नकोस.

उ.

पेडलर्स रेस्ट, फर्नहोप,
२९ सप्टेंबर

चि. सेसिलीस,
आशीर्वाद. किती आणि कसे ते पत्राच्या शेवटी बघू.

तू खरंच पत्र पाठवलं नाहीस. याचाही मला राग आला.

गेल्या गुरुवारी सुपाचं मोठं भांडं माझ्या हातून सुटलं. मिसेस बेडोजने फरशी पुसली, हात पुसले आणि मला न विचारता डॉ. प्रॉसरना फोन लावला. ते आले, तेव्हा तिने माझ्यादेखत सगळं सांगून टाकलं. या जानेवारीपासून माझा डावा हात खांद्याच्या वर जात नाही आणि पायऱ्या चढताना छातीत आवळल्यासारखं होतं. नवरा असता तर तिला काढूनच टाकायला लावलं असतं, असं मी म्हणाले. तेव्हा ती मला म्हणाली, जेरल्डसाहेब असते तर त्यांनी फोन जानेवारीतच केला असता, आणि आता गप्प बसा. डॉक्टरांनी जिना बंद केला. हिवाळाभर. बहुधा कायमचा.

आता त्या उशीचं. अभ्रा चढवायला दोन हात लागतात, एकाने उशी धरायची, दुसऱ्याने झटकायची. चार नंबरची उशी मी एका हाताने आणि हनुवटीने भरली आणि ती पडली तशी पडली. तोंड दाराकडे होतं. मला ते दिसलं होतं, सेसिली. दिसलं, आणि मी खोलीचं दार ओढून घेतलं. तुला काय वाटलं, मला कळलं नाही म्हणून ती तशी राहिली? तुझं पत्र मला एवढं झोंबलं ते खोटं होतं म्हणून नव्हे.

पण मी तुला माफ केलेलं नाही, हे स्वच्छ लिहिते. तू त्या खोलीत उभी होतीस. तुझे दोन्ही हात धड होते. तू ती उशी फिरवू शकली असतीस आणि चुपचाप खाली येऊन माझ्या हातातला ट्रे घेऊ शकली असतीस. सातव्या वर्षी तुझा बिछाना मी घातला, तेव्हा सिस्टरकडे जाऊन तुझं नाव सांगितलं नव्हतं. तू मात्र पुस्तकवाल्यांना पत्र लिहिलंस. हे मी विसरणार नाही, आणि तूही विसरू नकोस.

दोन वर्षं घर मागणाऱ्यांना अखेर होकार कळवला. नवरा-बायको तरुण आहेत. झोपायच्या खोल्यांत पाय असलेले न्हाणीचे टब ठेवणार म्हणे. पुढच्या वर्षी हिरव्या पुस्तकात त्यांचं अख्खं पान येईल.

ऑक्टोबरची जागा यंदा मी निवडली आहे. शेरबॉर्नमध्ये एका चढावर एक अरुंद घर आहे. जमीन तिरकी, लिफ्ट नाही, टेलिव्हिजन बिघडलेला, एकच खोली, तीही सुदैवाने तळमजल्यावर. मालकीण निवृत्त मास्तरीण आहे, खवचट आहे आणि पाहुण्यांवर नजर ठेवते असं ऐकते. शेकोटीपाशी कुत्रा नाही, म्हणून ब्रॅम्बलला मी बरोबर आणते आहे. तीन दिवस सांगितले आहेत, पण ट्रंक मोठी आहे.

कोणाला काय द्यायचं ते खाली लिहिते. तू येऊन वाटायचं आहेस. मला एका हाताने जमणार नाही.

जेरल्डचा हवामापक डॉ. प्रॉसरना. तो अकरा वर्षं बदल होणार एवढंच सांगतो आहे, त्यांनाही तीच सवय आहे.

स्वागताच्या टेबलावरची पितळी घंटा मिसेस बेडोजला. बावीस वर्षं ती वाजली की ती धावत आली. आता तिने घरी बसून वाजवावी आणि नवऱ्याने धावावं.

पुडिंगचं तांब्याचं भांडं नव्या बाईंना, कृतीसकट. प्लमचं झाडही आता त्यांचंच होणार.

पाहुण्यांच्या अभिप्रायाच्या वह्या ट्रंकेत भर. त्या कोणाला द्यायच्या नाहीत. गोड शब्द वाचावेसे वाटतील असे दिवस पुढे येणार आहेत.

हिरवी पुस्तकं, सगळी चौदा, चर्चच्या जुन्या वस्तूंच्या विक्रीला. तू विकत घ्यायची नाहीत.

आईचे लिननचे अभ्रे बारा आहेत, कोपऱ्यावर तिची लाल अक्षरं आहेत. ते तुला. त्यातला एक तुझ्या तळमजल्यावरच्या खोलीतल्या उशीला चढवून ठेव. मी दारातून आत येईन, कोट काढणार नाही आणि आधी पांघरुणाखाली हात घालेन. अभ्र्याचं तोंड कुठे आहे तेही बघेन. मग चहा किती किटल्या लागेल ते सांगेन.

उर्सुला