छबुबाईची सात पाती

वडवणी,
बुधवार, १४ मार्च १९७३

चि. चन्नप्पा,

आम्ही सारे बरे आहोत. आईचा खोकला तेवढा हटत नाही. विहीर आटली, टँकर दोन दिवसांआड येतो. खुशाली संपली, आता ऐक.

तुझ्या पत्राने माझं डोकं फिरलं आहे. औरंगाबादेत पुरातत्त्वाच्या कचेरीत पंख्याखाली बसून, एकदाही ती टेकाडं न बघता, मी पाठवलेल्या पात्यांबद्दल तू लिहितोस, "लाल दगडांवर दोन्ही तऱ्हेचे घाव आहेत. म्हणजे शिकाऱ्यांची एकच टोळी. खोदून बघायची गरज नाही." म्हणे गरज नाही! मी विश्वासाने दाखवलेलं ते पत्र सोसायटीचे चेअरमन सुंदररावांनी दुष्काळी कामावर सगळ्यांसमोर वाचलं. येत्या सोमवारपासून पाझर तलावाच्या बांधाला मुरूम, ही पाती सापडली त्याच दोन टेकाडांचा!

कामावरची छबुबाई खडीचा ढीग बघून सांगते, ही केशरबाईनं फोडली, ही तुळजाबाईनं. हजारो वर्षांपूर्वीची ही बारकी दगडी पातीही पहिल्यांदा तिनेच उचलली. ओढ्याच्या अलीकडच्या टेकाडावर पांढऱ्या गारेची, पलीकडे लाल दगडाची. ती म्हणाली, "मास्तर, हे एका हाताचं काम न्हाई. पांढरं दाबून दाबून सोललंय, लाल निस्तं ठोकलंय." दगड वेगळा म्हणून घाव वेगळा, असं मी म्हणालो. तर तिने पांढऱ्या टेकाडावरच सात लाल पाती शोधून माझ्या हातावर ठेवली. "दगड लाल हाय, पण हात कुणाचा ते बगा." सातही सोललेली होती!

शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईला जे दिसतं ते तुला भिंग लावून दिसू नये?

दिसलं असतं. चन्नप्पा, तीन दिवस तुझ्या नावाने शंख करून झाला, आता खरं लिहितो. तुला डबे पाठवताना ती सात लाल पाती पांढऱ्यांच्या डब्यात मला बरी दिसेनात. मास्तरकीची खोड. उचलली आणि लाल डब्यात टाकली. वर सुवाच्य अक्षरात 'पलीकडचं टेकाड' अशा चिठ्ठ्याही डकवल्या. म्हणून तुला लाल दगडांवर दोन्ही घाव दिसले. छबुबाई रोज विचारते, "सायबानं माज्या सात पात्यांचं काय लिवलं?" मी कामावरच्या हजेरीच्या वहीत डोकं घालतो. मला माझीच चीड येते.

रविवारी पहिल्या एस.टी.ने ये. लाल डब्यातली सोललेली पाती निवडून आण आणि सुंदररावांना थांबव. माझी चूक चारचौघांत सांग, थोरला म्हणून झाकू नकोस. पाती मात्र तूच तिच्या हातात दे. मला ते होणार नाही.

तुझा अपराधी अण्णा,
पंचाक्षरी