ज्याचं मशीन रिकामं

६ मे

जयभीम गीता. निघताना तू ही डायरी दिलीस आणि पोचल्या दिवसापासून लिहा म्हणालीस, पण हात लावायला इतका उशीर झाला, रागावू नको. चष्मा पिशवीच्या तळाशी गेला होता, तो आज सापडला. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, समजून घे. पानं भरली की टपालाने पाठवतो.

पूर्ण्याहून प्रवास बरा झाला. काचीगुडा स्टेशनवर तुझा भाऊ नागसेन घ्यायला आला होता. बरकतपुऱ्यातलं घर तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट आहे, पण मी जिन्यानेच जातो. मध्येच अडकली तर कोण काढणार? रोशनीने पहिल्याच दिवशी माझ्यासाठी भाकरी केल्या. म्हणाली, बाबा, इथं जोन्नलु मागितल्याशिवाय ज्वारी मिळत नाही. सून गुणी आहे. तन्वीला सुट्ट्या लागल्यात. पोरगी दिवसभर चित्रं काढते आणि बडबडते, हौ आणि नक्को याच्याशिवाय तिचं वाक्य संपत नाही.

नागसेन घरूनच काम करतो. त्याने समजावून सांगितलं, ते मला पटलं. एक मोठं काम तुकडे करून शेकडो मशीनांना वाटायचं, सगळी एकदम राबतात, मग उत्तरं जोडून घ्यायची. मशीनांच्या त्या घोळक्याला क्लस्टर म्हणतात. घरच्या लॅपटॉपात क्लायंट बसवायचं, ते फक्त काम देतं आणि घेतं. मी म्हणालो, म्हणजे आमच्या रेल्वेच्या गँगचा मुकादम. रूळ उचलणारे आम्ही, हाक देणारा तो. नागसेन हसला. म्हणाला, बाबा, तुम्हाला नोकरी देतो. फार दिवसांनी बरं वाटलं.

९ मे

क्लायंट बसत नाही. नागसेन जेवताना पण स्क्रीनकडे बघतो. सोमवारी काम गेलं नाही तर घरी बसा, असं साहेबाने सांगितलंय म्हणे. या वयात मी इथं येऊन त्यांच्यावर आणखी भार घातला का, असं वाटतं.

संध्याकाळी त्याने कुठून तरी दुसरंच क्लायंट उतरवून घेतलं. कुणी बनवलंय विचारलं तर त्यालाही ठाऊक नाही. ते घरातली रिकामी मशीनंसुद्धा गँगमध्ये घेतं. रोशनीचा फोन जोडला, तन्वीचा अभ्यासाचा टॅब जोडला. माझा फोन तन्वीने उचलून बघितला आणि म्हणाली, आजोबांचा डब्बा नक्को, तो बसल्या बसल्या झोपतो. सगळे हसले. लगेच सगळं चालू झालं.

१३ मे

काम वेळेत गेलं, साहेब खूश. नागसेन नामपल्लीहून डबल का मीठा, म्हणजे ब्रेडचं गोड, घेऊन आला.

एक गोष्ट लिहून ठेवतो, हसू नको. रोशनी भाजीला गेली होती. तन्वी माझ्याजवळ मोर रंगवत होती. रंगवता रंगवता मोठ्या बाईसारखं म्हणाली, आधा किलो दो, कच्चे नक्को. मला गंमत वाटली. रोशनी परत आली ती वैतागून. टोमॅटोवाल्याशी घासाघीस करता करता तिची वाचाच बसली. पुढे काय बोलायचं ते सुचेना. तो म्हणाला, क्या हुआ मॅडम, जुबान घर पे भूल के आए क्या?

मी पिशवी घेऊन भाजी निवडायला बसलो.

१५ मे

रोशनीचा हात तव्याला चिकटला. ती बघत उभी राहिली, चेहऱ्यावर काही नाही. ओरडली तन्वी, आतल्या खोलीत. तिच्या हातावर डाग नाही, पण दुपारभर हात पोटाशी धरून रडत होती. रोशनी मलम लावून घेताना मला विचारत होती, तिला काय झालं?

१६ मे

तन्वी जेवत नाही. डोळे खोल गेलेत. नागसेनला बाजूला घेऊन म्हणालो, ते क्लायंट काढून टाक. त्याला राग नाही, काही नाही. म्हणाला, बाबा, वाटप ते स्वतःच करतं, ज्याचं मशीन रिकामं त्याच्याकडे जास्त काम जातं. म्हणजे सुट्टीतलं पोर. मी म्हणालो, तू बाप आहेस, बंद कर. तो म्हणाला, तुकडे वाटून झालेत, आता काढलं तर ज्याच्याकडे जो तुकडा आहे—

पुढचं तन्वी बोलली, झोपेत: तो तिथंच राहील.

१८ मे

पोरगी आता उठत नाही. डॉक्टर म्हणाले, उष्णता. ओठ हलत राहतात. कधी नागसेनचा हिशोब, कधी रोशनीला लागलेली तिच्या आईची काळजी. सगळ्यांचं तिच्यावर.

गँगमध्ये एखाद्याचा खांदा खचला की शेजारचा आपला खांदा खाली घालायचा. विचारायची पद्धत नव्हती.

सकाळी माझ्या फोनवर मराठीत एक वाक्य आलं. कुणी पाठवलं माहीत नाही. तन्वीचं ओझं घ्याल का? खाली हो आणि नाही.

मी हो दाबलं.

१९ मे

तन्वी उठली. वरणभात मागून खाल्ला. मोर पुरा केला. मला म्हणाली, आजोबा, तुमचा चेहरा असा का? हसलो. गीता, त्या पोरीसाठी केलं, मला वाईट वाटत नाही.

फक्त डोक्यात लोकांची ये-जा आहे. आकडे. एका बाईचा हात भाजतोय, ती कोण ते कळत नाही.

२० मे

मी तर सगळ्यांत रिकामा. सगळं माझ्याकडे येतंय. आज तुझ्या आईचं नाव—

पार्वतीबाई. हे रोशनीने स्वयंपाकघरातून सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

२१ मे

पानं आज टपालात टाकतो. जिना उतरता येतो का बघू. पाय कुणाकडे—

गीता, महत्त्वाचं. माझ्या फोनात रोज लावायचा नंबर एकच, तुझा. आज लावायला गेलो, कसा लावायचा तेच सुचेना. नागसेन म्हणतो, ओळखीची मशीनं ते आपोआप शोधतं. तुझ्या फोनवर येईल, बाबांचं ओझं घ्याल का. तू—

तू नाही म्हण. हे तन्वी बोलली. मी लिहून घेतलं.

२२ मे

टपालाची पेटी कुठे आहे आठवेना, पानं इथंच. नागसेनला देतो, तो टाकेल.

माझं अर्धं राहिलेलं वाक्य आजवर घरात कुणी ना कुणी पुरं करत होतं. सकाळपासून एक अडलंय. तिघांच्या दारात जाऊन उभा राहिलो. कुणालाच ते पुरं करता येत नाही.

आणि खांदा हलका झालाय. सकाळपासून. कुणी तरी खाली—

गीता, तू माझी लेक. तू विचार करणार नाहीस, तू लगेच—

लवकर कळव. पोरी, एवढंच कळव, तू त्या फोनवर