संताजीराव दिवसभर उभे होते

रवि., ४ जाने.
शुक्रवारी इथल्या, आखातातल्या मराठी मंडळात ‘आमचे पराक्रमी पूर्वज’, प्रत्येकी पाच मिनिटं. आपला माल तयार आहे. संताजीराव, लढाईत दिवसभर एकटे उभे, छातीवर सात वार, पाठीवर एकही नाही. लहानपणी भाजी नको म्हटलं की अण्णा हेच सांगायचे. ते गावाहून फोनवर बघणार. एकोणऐंशीव्या वर्षी छाती फुगलीय त्यांची.

सोम., ५
तलवार हवी. तुबलीच्या आमच्या गॅरेजमधले हमीदभाई, रत्नागिरीचे, म्हणाले, “फिकीर नको. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याची करून देतो. खलास!” दिली. दोन हातांनीही उचलवत नाही. कन्या म्हणाली, “बाबा, दॅट्स अ बंपर.”

मंगळ., ६
अण्णांच्या ट्रंकेतलं मोडी पत्र पुण्याला मेव्हण्याकडे दिलं होतं (मोडीचा कोर्स केलाय, तेव्हापासून जमिनीवर पाय नाहीत). भाषणात चार ओळी वाचू म्हटलं. आज पहिलं पान आलं. संताजीरावांनी छावणीतल्या कारकुनाकडून आईला लिहवून घेतलंय. जोड्याने पाय सोलले, हरभरे संपले, लोणचं पाठव. लढाई शून्य. पुढच्या पानावर असेल.

बुध., ७
आहे.
‘तोफ सुटली. घोडे पडले, खाली मी. निघता आले असते, निघालो नाही. म्हादू शेजारी होता. दुपारी गेला. अंधार पडेतो त्याचा हात सोडला नाही.’
तीनदा वाचलं. बिचारा पोर. वीस वर्षांचा असेल.
खाली: ‘गावात सांगावे, संताजी दिवसभर उभा होता.’ आणि कारकुनाची स्वतःची भर: ‘लिहिणार पलीकडे बैलाआड होता, ते सांगू नये.’
बायको हसून हसून आडवी. मला घाम. मग सात वार आले कुठून?

गुरु., ८
दोन भाषणं लिहिली. खऱ्यात अण्णांचं नाक कापलं जातं. खोट्यात म्हादूच नाही.
जेवताना कन्या: “बट त्याच्या आईला वाचता येत होतं?”
छे! म्हणजे गावच्या कुलकर्ण्यानेच वाचून दाखवलं असणार. ओट्यावर बसून, मोठ्याने. म्हणजे आख्ख्या गावाला पहिल्या दिवसापासून ठाऊक! आणि कुणी हूं की चूं केलं नाही. सात वारही त्यांनीच घातले असतील. एकदम भरून आलं. भाजी मागून घेतली.

शुक्र., ९
हॉलमध्ये. फेटा आवळलाय, तलवार हमीदभाईंनी धरलीय. दोन्ही कागद खिशात. अण्णांना फोन लावला, धीर करून विचारलं, “त्या पत्रात काय आहे, तुम्हाला ठाऊक आहे?”
फोन फिरवून ओटा दाखवला. मग म्हणाले, “तू बोल. आख्खी आळी येऊन बसलीय.”
नाव पुकारलं. उजवा हात खिशात, कागदांवर. डावा कन्येने धरलाय, सोडत नाही.